झोळीतली झोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोलाच" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. याच जागी उभे राहून मागे एकींनी आहाराविषयी व एकींनी बायकांच्या कायद्याविषयी किती सुंदर सांगितले. मी काय सांगणार? संत्र्याचे सरबत न् मुरंबा सांगायला जावे, तर तुम्हीच माझ्या चुका काढाल. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही रात्री झाडाला झोळी बांधून वावरात झोपता म्हणे, तेच सांगा." म्हणजे गोष्ट गावभर झाली आहे तर! मग मनात आले, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी.

या झोळीला शहरातली मुले हॅमॉक म्हणतात. मी झुला म्हणते. दोन झाडांच्या मध्ये कापड टांगायचे आणि त्यात रात्र काढायची, एवढाच प्रकार. माझी भाची म्हणते, १४९२ साली कोलंबस पलीकडच्या बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक असे झोपत होते, आणि पुढे गोऱ्यांच्या जहाजांवर खलाशी शेकडो वर्षे असेच टांगून झोपले. असेल. पण निंदायला किंवा कापूस वेचायला आलेली आपली बाई धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधते आणि त्यात लेकरू टाकून कामाला लागते, ते तर आपण जन्मापासून पाहतो. माझी तिन्ही लेकरे झोळीत वाढली. म्हणूनच मला वाटले की यातले मला सगळे कळते, आणि तिथेच मी चुकले.

२०१९ च्या डिसेंबरात माझी ही भाची पुण्याहून आली. तिथे ती कंपनीत नोकरी करते आणि सातव्या मजल्यावर राहते. तिच्या ओळखीची मुलेमुली सुट्टीत डोंगरात जाऊन झुल्यात झोपतात, म्हणून तिनेही एक झुला मागवला. पण बांधणार कुठे? शहरात झाडे पुष्कळ असली तरी आपली अशी दोन झाडे नसतात. सोसायटीच्या बागेत बांधला तर पहारेकऱ्याने सोडायला लावला. खिडकीच्या गजाला बांधला तर गजाचे स्क्रू भिंतीतून निघाले. मग तिला आत्याची आठवण झाली. "आत्या, तुमच्याकडे झाडंच झाडं आहेत नं!"

आता पहा, आमच्या बगिच्यात तीनशेच्या वर संत्र्याची झाडे आहेत, पण झुला बांधायला त्यातले एकही कामाचे नाही. तुम्हा सर्वांना हे ठाऊक आहे, पण पुण्याच्या पोरीला कसे ठाऊक असणार? संत्र्याचे झाड जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले. खोड आखूड, फांद्या खालपासून फुटलेल्या. खोडाला आपण बोर्डोमलम लावतो तो उगीच का? साल दुखावली की डिंक्या आलाच, आणि डिंक्या आला की झाड हळूहळू बसते. तिथे माणसाच्या वजनाचा दोर करकचून बांधला, तर आंबिया बहार सोडा, झाडच हातचे जायचे. आमच्या घरच्यांनी पाहिले असते तर आत्या न् भाची दोघींनाही रात्रीच वरूडला परत धाडले असते!

म्हणून आम्ही धुऱ्यावर गेलो. तिथे एक कडुनिंब आणि एक आंबा, मध्ये पंधरा फुटांचे अंतर. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवले होते, "चिंचीखाली झोपू नोका, तिथं चांगलं नसते." मला भुताचे काही वाटत नाही, पण म्हातारीचा शब्द मोडून कशाला पाहुणीला झोपवा, म्हणून चिंच सोडली.

भाचीने पिशवी उघडली तर झुल्याचे कापड होते, पण झाडाला बांधायचे पट्टे नव्हते. ते म्हणे वेगळे विकत घ्यावे लागतात. ती हिरमुसली. मी म्हटले, "त्यात काय बाप्पा! तीन लेकरं झोळीत वाढवली म्या." खोपडीत मोटर विहिरीत सोडायचा निळा नायलॉनचा दोर पडला होता, तो घेतला. झोळीला बांधायची तीच गाठ मारली, आणि कापड चांगले ताठ ओढले, पलंगासारखे सपाट दिसावे म्हणून. ती बसली, झोपली, हसली. मी खोपडीत बाजेवर पडले.

मध्यरात्रीच्या सुमारास धप्प आवाज आला.

धावत गेले तर पोरगी धुऱ्यावर उताणी पडलेली. पाठीखाली दगड. तोंड उघडे, पण आवाज निघेना. ते चार-पाच क्षण मी जन्मात विसरणार नाही. मग तिचा श्वास सुटला आणि ती रडली, आणि मलाही रडू आले. सकाळी वरूडला आणून फोटो काढला. हाड मोडले नव्हते, पण तीन आठवडे तिला धड बसता येत नव्हते. भावाचा फोन आला. तो माझ्याहून लहान, आजवर मला कधी वर आवाजात बोलला नाही. त्या दिवशी म्हणाला, "अक्का, माही पोरगी तुह्याकडे पाहुणी पाठवली होती, झाडावरून पाडाले नाही." मी काय उत्तर देणार? त्याचे खरे होते. पुढे कितीतरी दिवस तो फोन करायचा तो यांनाच करायचा.

भाची गेली. झुला मात्र इथेच राहिला, पिशवीत घालून खुंटीला टांगलेला. येताजाता दिसायचा. सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे ते." मी टाकला नाही. त्याला कारण आहे.

२०११ साली आमच्या दिराला वावरात सर्प चावला होता. त्या वर्षी पंपाची लाईन एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असायची. रात्रीच्या आठवड्यात माणसे ओलिताला जात, आणि पाणी सरीला लावून तासभर धुऱ्यावरच पोते अंथरून अंग टाकत. दीर तसाच झोपला होता. चावल्याचे त्याला कळलेही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. मण्यार होती. मण्यार रात्रीच फिरते, दात बारीक, आग होत नाही, म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावून जाते आणि घरच्यांना वाटते अपचन झाले. सुदैवाने कोणी झाडपाल्याच्या नादी लागले नाही. तडक अमरावतीला नेले, प्रतिविष दिले, तीन दिवस यंत्रावर श्वास दिला. दीर वाचला. पण त्या दिवसापासून आमच्या घरचे रात्री ओलिताला गेले की मी घरात जागीच असते.

तुम्ही म्हणाल, मग बाज काय वाईट? काही वाईट नाही. खोपडीजवळच झोपायचे असेल तर बाज न् मच्छरदाणी यांच्यासारखे सुख नाही. पण पाणी आज या कोपऱ्यात तर उद्या त्या कोपऱ्यात. बाज डोक्यावर घेऊन कोण फिरणार? हा झुला भाकरीच्या फडक्याएवढा होतो. म्हणून मी तो खुंटीवरून काढला आणि आधी स्वतःची चूक काय झाली ते शोधायला बसले.

पहिली चूक दोराची. आपल्या लुगड्याचे सूत सुताला धरते. अंबाडीचा दोरही खरखरीत, गाठ मारली की तिथेच राहते. नायलॉन गुळगुळीत असतो आणि वजन पडले की लांबतो. माझी गाठ लुगड्याला चालत होती, नायलॉनवर ती रात्रभर थोडी थोडी सरकत गेली. शिवाय बारीक दोर झाडाच्या सालीत रुततो. त्याला उत्तर आपल्याच घरात होते, ते म्हणजे नवार. जुन्या पलंगाची रुंद नवार झाडाला दोन वेढे देऊन बांधावी. सालीला जखम होत नाही आणि ती सरकतही नाही. पण नवार जुनी असली तरी कुजलेली नसावी. आधी दोन माणसांनी ओढून पाहावी.

दुसरी चूक ताणाची, आणि ती मला भाचीने फोनवर गणित घालून समजावली. तिचा राग गेला होता, पोरगी मनाची मोठी आहे. ती म्हणाली, "आत्या, कपडे वाळत घालायची तार आठव." खरेच, तार कितीही ताठ ओढली तरी मधोमध ओली गोधडी टाकली की खिळा उपटून येतो, आणि तीच तार जरा सैल असली तर खिळा टिकतो. साठ किलोचे माणूस झोपले आणि दोर पुरेसा उतरता असला, म्हणजे आडव्या रेषेपासून तीस अंश, तर प्रत्येक बाजूला साठ किलोचाच ओढा पडतो. तोच दोर जवळजवळ सपाट, दहा अंशांवर ठेवला, तर एकेका बाजूला पावणेदोनशे किलो! मी तो पलंगासारखा ओढला होता. तीस अंश मोजायला कंपास नको. अंगठा आणि तर्जनी पूर्ण ताणून, तर्जनी आडवी न् अंगठा वर असा हात धरावा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतच्या रेषेत दोर आला की झाले. सात वर्षे शाळेत गेले पण गणिताचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

मग प्रश्न येतो की एवढ्या सैल झोळीत पाठ धनुष्यासारखी वाकणार नाही का? सरळ झोपले तर वाकते. म्हणून तिरपे झोपायचे. डोके मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड आपोआप सपाट होते. मेक्सिकोच्या युकातानकडे घरोघरी लोक असेच तिरपे झोपतात म्हणे. माझी कंबर पाच वर्षांपासून दुखते, म्हणून भीत भीत झोपले, तर सकाळी कंबर गप्प! सगळ्यांनाच असे होईल असे मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी एक तास पडून पाहिले आणि म्हणाल्या, "मले तर मळमळलं."

या सगळ्या खटपटी मी अंगणात केल्या, वावरात नाही. शहरातून येणाऱ्यांना माझे हेच सांगणे आहे. पहिल्या दिवशी दुपारी अर्धा तास पडा. मग घराजवळच एक रात्र काढा, म्हणजे नाही जमले तर उठून आत जाता येते. पोरे पुण्याहून निघतात ती एकदम डोंगर गाठतात, आणि रात्री दोन वाजता थंडीने कुडकुडत बसतात.

थंडीचे तर मला फारच नवल वाटले. डिसेंबरातली रात्र, अंगावर दोन गोधड्या, तरी पाठ बर्फासारखी गार. आधी कळेना. मग लक्षात आले की गोधडी ऊब देते ती तिच्यात फुललेल्या कापसामुळे, आणि अंगाखाली तो कापूस दबून पापड होतो. बाजेवर असेच होते, पण तिथे खाली गादी असते. इथे खालून वारा फिरतो. यावर उपाय असा की एक गोधडी झुल्याच्या बाहेरून, खालच्या अंगाने टांगायची, दबणार नाही अशी, पाठीला जेमतेम टेकेल एवढी. चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि दोन्ही टोकांना बांधली. ती रात्र मी घोरले असे आमचे घरचे सांगतात, पण ते मी मानत नाही. नुसता वारा अडवायचा असेल तर आत चटई घातली तरी निभते. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ते गाव ११०० मीटर उंचीवर आहे, इथे उकडत असले तरी तिथे रात्र गारच असते.

पुढे मी दुसरा झुला घरीच शिवला. गादीच्या खोळीचे जाड कापड घेतले, अकरा फूट लांब आणि पाच फूट रुंद. दोन्ही टोकांना परकराला करतो तसा नेफा, दुहेरी शिवणीचा, आणि त्यात नाडीऐवजी मजबूत दोर ओवून चुण्या आवळायच्या. संपले! भाचीने अडीच हजारांना आणला होता तो यापेक्षा हलका आहे खरा, पण हा घामाला बरा आणि डासाला जाड. पातळ कापडातून डास खालून चावतात, म्हणून मच्छरदाणी वरून टाकून उपयोग नाही, सगळीकडून बंद असावी लागते. पावसाची शंका असली तर वर एक दोर ताणून ताडपत्री टाकावी. पाणी नवारीवरून ओघळत झुल्यात येते, म्हणून नवारीला एक चिंधी बांधून लोंबती सोडावी, थेंब तिथूनच खाली पडतात. ही युक्ती कोणी शिकवली नाही, मी विहिरीच्या दोरावर पाहिली होती.

बसायची रीत सांगते, कारण बहुतेक जण पडतात ते चढताना. पाय आधी टाकायचा नाही. झुला खुर्चीएवढ्याच उंचीवर असावा, म्हणजे पडलो तरी हसण्यावारी जाते. मधोमध पाठ करून उभे राहायचे, कापड दोन्ही हातांनी पसरून त्यावर बसायचे, मग अंग टेकून पाय आत घ्यायचे. आणि लुगडे नको! मी पहिल्या दिवशी पातळात प्रयत्न केला आणि अशी गुरफटले की शेवटी यांना हाक मारावी लागली. सलवार घालावी, किंवा यांचा पायजमा. रात्रीच्या अंधारात कोण पाहते?

झाड निवडताना वर पाहावे. वाळलेली फांदी, आग्या मोहोळ, विजेची तार, यांपैकी काहीही असले तर तिथे बांधू नये. खोडावर मुंगळ्यांची रांग पाहावी. शेवगा दिसायला उंच असला तरी त्याच्यासारखे ठिसूळ झाड नाही. लहान मुलांना झुल्यात एकटे सोडू नये. कापड पिळले गेले की गळ्याला फास बसू शकतो, हे हसण्यावारी नेऊ नका. आणि खाली दगड नसावा. हे शेवटचे मी का सांगते ते तुम्हाला कळले असेल.

जंगलाचे वेगळे आहे. पाहुणे येतात आणि म्हणतात, महेंद्रीच्या जंगलात बांधू, मेळघाटात बांधू. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे रात्र काढता येत नाही, आणि काढूही नये. १९७३-७४ साली देशात पहिली नऊ जंगले व्याघ्र प्रकल्पात घेतली, त्यात मेळघाट होते. तिथे रात्र वाघाची. फारच हौस असेल तर बुद्धपौर्णिमेला वनखाते नाव नोंदवून मचाणावर बसू देते, चांदण्यात पाणवठ्यावर जनावरे पाहता येतात, तिकडे जावे. झुला आपल्या किंवा सोयऱ्याच्या वावरात, मालकाला सांगून बांधावा. रानडुकरे आमच्या बगिच्यातही येतात, म्हणून एकटे झोपू नये, आणि टॉर्च झुल्याच्या दोरालाच बांधून ठेवावी. बायामाणसांना रात्री उठावे लागते, तेव्हा पायात चप्पल घालण्याआधी ती झटकून पाहावी. आपल्याकडे विंचू काही कमी नाहीत.

आता पुढचे सांगते. मधली दोन वर्षे करोनाच्या धास्तीत गेली. २०२१ च्या डिसेंबरात भाची पुन्हा आली, आणि या वेळी तिच्याबरोबर माझा भाऊही आला. माझ्याशी तो बोलत होता, पण जपून, पाहुण्यासारखा. संध्याकाळी आम्ही धुऱ्यावर गेलो. तोच कडुनिंब, तोच आंबा. खालचे दगड मी आदल्या दिवशीच वेचून काढले होते. मी नवार बांधली, झुला टांगला, बोटांनी कोन पाहिला. भाऊ काही न बोलता जवळ आला. प्रत्येक गाठ ओढून पाहिली, मग दोन्ही हातांनी नवारीला लोंबकळला. चांगला नव्वद किलोचा गडी आहे. नवार हलली नाही. मग चपला काढून स्वतःच झुल्यात चढून आडवा झाला. पोरगी म्हणाली, "बाबा, माझी जागा आहे ती." तो काही उठला नाही. तासभर तसाच पडून राहिला, आणि अंधार पडल्यावर आतूनच म्हणाला, "अक्का, चहा ठेव नं."

त्या रात्री त्या दोघांना मी दोन झुले दिले आणि मी बाजेवर झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. तीनदा उठून गाठी पाहून आले.

आमचे घरचेही आता रात्री पाणी असले की झुला खांद्यावर टाकूनच निघतात. आधी म्हणत होते, लोक हसतील. हसलेच. मग बाजूच्या वावरातल्या दोघांनी मला त्यांच्यासाठी शिवून मागितले, कापड त्यांचे, शिलाई माझी. सर्प झाडावर चढत नाही असे नाही, म्हणून माझी काळजी पुरती गेली असे मी सांगत नाही. पण मी आता झोपते.

माझे बोलणे लांबले. मी झुला पिशवीत घालून आणला आहे, नवारही आहे. मंडळाच्या मागे दोन कडुनिंब उभे आहेत, मघाशीच वर पाहून आले, मोहोळ नाही. चहा झाल्यावर ज्यांना बसून पाहायचे असेल त्यांनी तिकडे यावे. सलवार घातलेल्यांचा नंबर आधी.